काळ्या पाण्याची विलायती गाणी: ऐकायची कशी, तपासायची कशी

'व्हॅन डायमन्स लँड' नावाचं एक इंग्रजी लोकगीत आहे. ते नाव एका बेटाचं: ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेचं, आजचं टास्मानिया. तीन गडी रात्री जमीनदाराच्या रानात चोरून शिकार करताना सापडतात. चौदा वर्षांची शिक्षा होते, जहाजात घालून त्यांना पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला नेतात. किनाऱ्यावर उतरताच मळेवाले भोवती गोळा होतात, घोड्यांसारखं रांगेत उभं करून त्यांना विकत घेतात आणि नांगराला जुंपतात. रात्री झोपडीभोवती जाळ करून झोपायचं, कारण लांडगे आणि वाघ.

चांगल्या गळ्यातून ऐकलं तर अंगावर काटा येतो. अडचण एवढीच की त्या बेटावर कैद्यांची विक्री कधी झालीच नाही. आणि तरीही हे गाणं सरसकट खोटं म्हणून बाजूला टाकता येत नाही, कारण त्यातली दुसरी एक बारीक गोष्ट कायद्याच्या पुस्तकाशी तंतोतंत जुळते. अशा गाण्यात काय खरं, काय साच्यातून आलेलं आणि काय नंतर चिकटलेलं, हे वेगळं करण्याची एक रीत आहे. ती अवघड नाही.

आधी शिक्षा समजून घेऊ. ब्रिटनने 1718 च्या कायद्याने कैद्यांना अमेरिकेतल्या वसाहतींत धाडायला सुरुवात केली. जहाजाचा ठेकेदार त्यांना तिकडे नेऊन त्यांची शिक्षेच्या मुदतीपुरती मजुरी खरोखरच विकायचा. 1776 ला अमेरिका हातची गेली. तुरुंग भरले, मग जुन्या मोडक्या जहाजांवर कैदी कोंडले गेले, आणि शेवटी 13 मे 1787 ला पोर्ट्समथहून अकरा जहाजांचा पहिला ताफा ऑस्ट्रेलियाकडे निघाला. तो जानेवारी 1788 मध्ये बॉटनी बे या उपसागरात पोचला. पण तिथे गोडं पाणी पुरेसं नव्हतं, जहाजांना आडोसा नव्हता, म्हणून काही दिवसांतच सगळे उत्तरेला पोर्ट जॅक्सनला, म्हणजे आजच्या सिडनीला, सरकले. थोडक्यात, ज्या 'बॉटनी बे'च्या नावाने शंभर वर्षं गाणी गायली गेली तिथे कैद्यांची वसाहत झालीच नाही. आपल्याकडे 'काळं पाणी' म्हटलं की कुठलं बेट ते विचारत नाहीत, तसंच ते नाव.

पुढच्या ऐंशी वर्षांत सुमारे 1,62,000 कैदी ऑस्ट्रेलियाला गेले, त्यांत बायका साधारण 25,000. न्यू साउथ वेल्सला जाणारी जहाजं 1840 ला अधिकृतपणे थांबली (1849 च्या सुमाराची काही वादग्रस्त जहाजं सोडून), व्हॅन डायमन्स लँड 1853 ला बंद झालं, पश्चिम ऑस्ट्रेलियाला शेवटचं जहाज जानेवारी 1868 मध्ये लागलं. शिक्षेच्या मुदती मुख्यतः तीन: सात वर्षं, चौदा वर्षं, जन्मभर. परतीच्या प्रवासाचा खर्च सरकार देत नसे, त्यामुळे सातवाले आणि जन्मभरवाले यांच्यात शेवटी फार फरक उरत नसे.

ही साम्राज्यभरची व्यवस्था होती, आणि आपला मुलूखही तिच्यात होता. 1815 ते 1837 या काळात बंगाल आणि मुंबई इलाख्यातून दीड हजारांच्या आसपास कैदी मॉरिशसला पाठवले गेले, त्यांनी तिथे रस्ते बांधले. उलट दिशेने मलाक्का-सिंगापूरकडचे चिनी कैदी महाबळेश्वरच्या तुरुंगात आणले जात, आणि तिथल्या भाजीमळ्यांत त्यांचा हात होता. अंदमानला पहिले दोनशे कैदी मार्च 1858 मध्ये उतरले, तेव्हा पश्चिम ऑस्ट्रेलियाची जहाजं अजून चालूच होती. भारतीय दंडविधानातला 'दर्यापार' शब्द काढून तिथे साधी 'जन्मठेप' यायला 1955 साल उजाडलं.

आता गाणी. ती कैद्यांनी बेड्या वाजवत रचली असं चित्र मनात असेल तर ते पुसून टाका. बहुतेक गाणी लंडनमध्ये रचली गेली, आणि तीही जे कधी बोटीत चढले नाहीत अशा भाडोत्री कवींकडून. एका गाण्याचा मोबदला एक शिलिंग. सेव्हन डायल्स या लंडनच्या गरीब वस्तीत जेम्स कॅटनॅच आणि जॉन पिट्स हे दोन छापखानेवाले एकमेकांचे हाडवैरी. हलक्या कागदावर एकाच बाजूला शेजारी-शेजारी दोन गाणी छापायची, कागद मधोमध उभा कापायचा की दोन लांबट पट्ट्या, म्हणजे पत्रकं, तयार. भाव अर्धा पेनी, फार तर एक पेनी. फेरीवाले चौकात, जत्रेत, फाशीच्या माळावर उभे राहून ती गात विकत. जत्रेत पोवाड्यांच्या चोपड्या विकायचे तसाच हा धंदा.

वर चित्र असायचं, लाकडी ठशाचं. त्यावर विसंबू नका. ठसा कोरून घेणं महाग, म्हणून छापखान्यात पडलेला जुना ठसाच लावत. कैद्याच्या गाण्यावरचं जहाज आधी खलाशाच्या प्रेमगीतावर येऊन गेलेलं असतं.

चाल छापलेली नसायची. फार तर तिचं नाव. आपल्या जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल : अमुक' एवढंच असतं ना, तसंच. वाचणाऱ्याला ती चाल येतच असणार हे गृहीत. म्हणून एकच शब्द चार गावांत चार चालींवर सापडतात आणि 'मूळ चाल कोणती' या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तर नसतं.

छंद मात्र ठरलेला. एका ओळीत सात ठोके: चार, मग किंचित थांबा, मग तीन. मराठी कानाला हे परकं नाही, कारण आपल्या साकीचं माप तेच आहे, 16 मात्रा आणि 12 मात्रा, म्हणजे चारास तीन. हातावर टाळी धरून म्हणून बघा: 'चौदा वर्षे शिक्षा झाली, गलबत सुटले आता'. प्रत्येक शब्दाला एक टाळी, एकूण सात. आठवी टाळी रिकामी पडते, तिथे गाणारा श्वास घेतो. अशा चार ओळींचं एक कडवं, आणि आठ-दहा कडव्यांचं गाणं.

चालीची बांधणीही गाणाऱ्याच्या सोयीची असते. पुष्कळदा चारपैकी पहिली आणि चौथी ओळ एका सुरावटीवर, मधल्या दोन दुसऱ्या सुरावटीवर. म्हणजे पाठ करायच्या सुरावटी दोनच. मधल्या ओळी वर चढतात, चौथी घरी परत येते. नवशिक्यांची चूक इथेच होते: ते प्रत्येक कडव्यात भावना ओततात आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत दमतात. जुने गाणारे चेहरा कोरा ठेवून, एकाच लयीत, बातमी सांगावी तसं सांगत जातात. न्यायाधीश आणि आई दोघांनाही सूर तोच. गाणं अंगावर येतं ते त्यामुळेच.

साचाही ठरलेला आहे, आणि तो कळला की अर्धं काम झालं. सुरुवातीला हाक: 'या रे या, अमक्या-तमक्यांनो, ऐका'. शाहीर मंडळींना हाक घालतो तशीच. मग जन्मगाव आणि आईबाप सज्जन असल्याची ग्वाही. वाईट संगत. गुन्हा, पकड. न्यायाधीशाचे दोन शब्द. बाप पांढरे केस उपटतो, आई रडते. जहाज. उतरल्यावरची दुर्दशा. मग स्वप्न: कैदी झोपेत घरी जातो, ओढ्याकाठी प्रियेचा हात हातात असतो आणि जाग येते ती परक्या देशात. शेवटी उपदेश: पोरांनो, माझ्यासारखं करू नका. ज्या गाण्यात हे सगळं क्रमाने येतं ते पत्रकासाठी रचलेलं, असं धरून चालायला हरकत नाही. त्यातला उपदेश फारसा मनावर घ्यायचं कारण नाही. तो मालावरचा शिक्का होता. शेवटी उपदेश असला की पोलिसही हरकत घेत नसत आणि पाद्रीही.

साच्यात माल बदलत राहायचा. अमेरिकेच्या काळात 'व्हर्जिनिया' होतं तिथे पुढे बॉटनी बे आलं, मग व्हॅन डायमन्स लँड. नाव बदललं, पण आजूबाजूच्या ओळी कुणी नीट दुरुस्त केल्या नाहीत. बाजारात विकलं जाण्याचा प्रसंग असा मागे राहिला. व्हर्जिनियात तो खरा होता. ऑस्ट्रेलियात कैद्याला सरकार एखाद्या वसाहतवाल्याच्या हवाली करी. अन्न-कपड्याच्या बदल्यात काम, पैशाचा व्यवहार नाही. वागणूक बरी राहिली तर सातवाल्याला चार वर्षांनी, चौदावाल्याला सहा, जन्मभरवाल्याला आठ वर्षांनी स्वतःसाठी काम करण्याचा परवाना मिळे. या परवान्याला गाण्याच्या साच्यात जागाच नव्हती. स्वप्न पाहून रडणारा कैदी खपतो, परवाना घेऊन सुतारकाम करणारा खपत नाही.

नांगराचं काय? ते निव्वळ कल्पित म्हणता येत नाही. नेहमीच्या शेतीत माणसं जुंपत नसत, पण पोर्ट आर्थरसारख्या कडक ठाण्यांवर ओझी वाहायला जनावरांऐवजी कैद्यांच्याच टोळ्या वापरत. 1836 मध्ये तिथे सात किलोमीटरच्या आसपास लांबीचा लाकडी रुळांचा मार्ग बांधला, त्यावरचे डबे कैदी ढकलत नेत, आत साहेब बसलेले. आणि वाघ? बेटावर थायलसिन नावाचा पट्टेदार, पिशवीवाला मांसाहारी प्राणी होता. वसाहतवाले त्याला वाघ म्हणत, कधी लांडगाही म्हणत. तो माणसाच्या वाटेला जात नसे, पण लंडनच्या कवीने नाव कुठून तरी ऐकलं होतं एवढं नक्की. शेवटचा थायलसिन 1936 मध्ये होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला.

आता ती कायद्याशी जुळणारी गोष्ट. गाण्यात गडी तीन का? दोन का नाहीत, पाच का नाहीत? 1828 च्या रात्रशिकारीच्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला तीन महिने, दुसऱ्याला सहा महिने, तिसऱ्याला सात वर्षं दर्यापार अशी चढती शिक्षा होती. पण तीन किंवा जास्त जण रात्री एकत्र सापडले आणि त्यांतल्या एकाकडे जरी हत्यार असलं, तर पहिल्याच वेळी चौदा वर्षांपर्यंत. तीन गडी, हातात बंदूक, चौदा वर्षं: कवीने कलमच गायलंय. त्याआधीच्या कायद्यात अशा शिकारीला सात वर्षं होती, म्हणून चौदाचा आकडा असलेलं चोरशिकारीचं गाणं 1828 च्या मागे नेता येत नाही.

याच ठिकाणी गाणी आपल्याला एका बाबतीत फसवतात. दर्यापार गेलेल्यांत चोरशिकारी मूठभर. भरणा होता शहरी भुरट्या चोरांचा. पण रुमाल चोरणाऱ्याचं गाणं कोण विकत घेणार? सशाचं तसं नव्हतं. 1831 पर्यंत शिकारीचा हक्क ढोबळमानाने त्यालाच, ज्याची जमीन वर्षाला 100 पौंड उत्पन्नाची. स्वतःच्या परसात आलेला ससा मारणं हा गरिबाला गुन्हा. सामायिक कुरणांना कुंपणं पडलेली, मजुरी घसरलेली. खेड्यात चोरशिकाऱ्याला कुणी चोर म्हणत नसे. म्हणून ही गाणी खेड्यांत टिकली, आणि 1900 नंतर लोकगीतं टिपायला गेलेल्यांना म्हाताऱ्या शेतमजुरांच्या तोंडून ती ऐकायला मिळाली. गाण्यांवरून कैद्यांची शिरगणती करू नये. कुणाबद्दल लोकांना हळहळ वाटत होती त्याची मात्र करता येते.

बायकांची गाणीही आहेत, बहुतेक मालकाकडे चोरी केलेल्या मोलकरणीची. बोलणारी बाई, लिहिणारा बाप्या, आणि ते जाणवतं. त्यांतून फारसं काही हाती लागत नाही.

एखादं गाणं समोर आलं तर काळ कसा ठरवायचा?

पत्रकाच्या तळाशी छापखान्याचा पत्ता बघा. '2, मॉनमथ कोर्ट' आणि कॅटनॅचचं नाव असेल तर 1813 ते 1838. पिट्सचा पत्ता ग्रेट सेंट अँड्र्यू स्ट्रीट, 14 क्रमांक असेल तर 1819 च्या आधीचं, 6 असेल तर नंतरचं. पत्ता फाटून गेला असेल तर अक्षरं बघा. शब्दाच्या मधला 'एस' लांब, 'एफ'सारखा दिसत असेल तर छपाई बहुधा 1800 च्या अलीकडची नाही. मग गाण्यातली नावं. बेटाचं अधिकृत नाव 1 जानेवारी 1856 ला बदलून टास्मानिया झालं. जुन्या नावात इंग्रजी कानाला 'सैतान' ऐकू येतो, आणि वसाहतीला कैद्यांची आठवणही नको होती. तेव्हा गाण्यात टास्मानिया आलं तर कान टवकारा. शीर्षकावरून मात्र काही शोधू नका, कारण एकाच गाण्याची दहा नावं असतात. लंडनच्या व्हॉन विल्यम्स स्मृती ग्रंथालयाच्या सूचीत प्रत्येक गाण्याला राउड क्रमांक दिलेला आहे, त्या क्रमांकाने सगळी रूपं एकत्र सापडतात. आणि खुद्द पत्रकं बघायची तर ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाने तीस हजारांच्या आसपास ऑनलाइन ठेवली आहेत.

सगळ्यात जास्त फसगत होते ती सगळ्यात प्रसिद्ध गाण्यांत. शाळाशाळांतून मुलं गातात ते 'बॉटनी बे', उडत्या पालुपदाचं. ते 1885 मध्ये लंडनच्या गेइटी थिएटरमधल्या 'लिटल जॅक शेपर्ड' या विनोदी संगीत नाटकातून लोकप्रिय झालं. शेवटचं जहाज पोचून तेव्हा सतरा वर्षं झाली होती. काही ओळी जुन्या पत्रकातून उचललेल्या आहेत, पण तो 'तूरल-लाय' थाट रंगभूमीचा. निरर्थक अक्षरांचं उड्या मारणारं पालुपद दिसलं की आधी नाटकाचा संशय घ्यावा. दुसरं उदाहरण 'द फील्ड्स ऑफ अथेनराय'. आयर्लंडमध्ये स्टेडियम भरून लोक ते गातात आणि पुष्कळांना ते दुष्काळाच्या काळातलं लोकगीत वाटतं. पीट सेंट जॉन यांनी ते 1970 च्या दशकात लिहिलं. त्यात दुष्काळात धान्य चोरणारा बाप बॉटनी बेला जातो. दुष्काळ सुरू झाला 1845 ला, आणि न्यू साउथ वेल्सचं दार 1840 लाच लागलेलं. गाणं चांगलं आहे, फक्त पुरावा म्हणून वापरू नये.

मग खुद्द वसाहतीत काहीच रचलं गेलं नाही का? गेलं, पण छापायला कोण धजणार? ते तोंडोतोंडी फिरलं. 'जिम जोन्स' हे कडवट गाणं छापून आलं 1907 मध्ये, एका जुन्या वसाहतवाल्याच्या आठवणींच्या पुस्तकात. त्यात जॅक डोनाहो या बंडखोर लुटारूच्या टोळीला जाऊन मिळण्याची भाषा आहे, आणि डोनाहो 1 सप्टेंबर 1830 ला पोलिसांच्या गोळीने मेला. म्हणजे प्रसंग 1830 च्या आसपासचा. शब्द कधीचे, ते यावरून ठरत नाही. या दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते.

इथल्या गाण्यांचा साचा मोडलेला असतो, आणि ओळखायची खूण तीच. आईबापाची ग्वाही नाही, शेवटी उपदेश नाही. उलट ठाण्यांची नावं येतात, एकामागून एक, माहितगारासारखी: पोर्ट मॅक्वारी, नॉरफोक आयलंड, एमू प्लेन्स, कॅसल हिल, टूंगॅबी. ही यादी आहे 'मोरेटन बे' या गाण्यात. आजच्या ब्रिस्बेनच्या जागी 1824-25 पासून हे ठाणं होतं, वसाहतीत पुन्हा गुन्हा करणाऱ्यांसाठी. पायात जड बेड्या, फटक्यांसाठी लाकडी तिकटी. 1826 पासूनचा ठाणेदार कॅप्टन पॅट्रिक लोगन ऑक्टोबर 1830 मध्ये रानात मारला गेला. गाण्याचा शेवट त्या मरणाच्या आनंदात होतो, आणि तो आनंद लंडनच्या कुठल्याही छापखान्याने छापला नसता. पुढे 1879 च्या जेरिल्डरी पत्रात नेड केली या ऑस्ट्रेलियन लुटारूने यांतली बरीच नावं ओघात म्हटली आहेत. इतकं ते लोकांच्या जिभेवर होतं.

हे गाणं परंपरेने फ्रँक मॅक्नमारा, म्हणजे 'फ्रँक द पोएट', याच्या नावावर सांगतात. किलकेनीहून सात वर्षांवर आलेला हा आयरिश कैदी पुढे शेकडो फटके खाऊनही कविता करत राहिला. पण तो सिडनीला उतरला 1832 मध्ये. लोगनला मरून तेव्हा दोन वर्षं होत आली होती. तेव्हा 'मी तीन वर्षं तिथे सोसलं' असं म्हणणारा 'मी' रचणाऱ्याचा नसावा. इतर कैद्यांकडून ऐकलेलं त्याने गाण्यात घातलं. लोकगीतातल्या 'मी'कडे साक्षीदार म्हणून पाहायची घाई करू नये, वसाहतीतल्या गाण्यातही नाही.

शेवटी 'सायप्रस ब्रिग', कारण यात दोन्ही धागे एकत्र येतात. ऑगस्ट 1829 मध्ये होबार्टहून मॅक्वारी हार्बरच्या कडक ठाण्याकडे कैदी नेणारं 'सायप्रस' हे जहाज वाऱ्यामुळे रशेर्श बे इथे थांबलं होतं. कैद्यांनी ते ताब्यात घेतलं, शिपाई आणि बाकीच्यांना किनाऱ्यावर सोडलं आणि अठरा जण विल्यम स्वॉलोच्या हाताखाली समुद्रात निघून गेले. यावरच्या गाण्याचं पहिलं कडवं काय आहे? तेच तीन चोरशिकारी, तीच चौदा वर्षं, लंडनच्या अर्ध्या पेनीच्या पत्रकातली. पत्रक कुणाच्या खिशातून नाही तर डोक्यातून जहाजावर चढलं, तिकडे पोचलं, आणि कैद्यांनी त्याच्या पुढे आपली गोष्ट जोडली. उपदेशाच्या जागी आता पळून जाण्याचा जल्लोष आहे.

पकडले गेल्यावर स्वॉलोने आपण जपानलाही जाऊन आल्याचं सांगितलं, पण त्यावर कुणाचा विश्वास बसला नाही. दोघा साथीदारांना लंडनमध्ये फाशी झाली, तो स्वतः परत पाठवला गेला आणि 1834 मध्ये पोर्ट आर्थरला मेला. 2017 मध्ये शिकोकू बेटावरच्या मुगी गावच्या सामुराई नोंदी या प्रकरणाशी जुळवल्या गेल्या. जानेवारी 1830 मध्ये तिथे आलेल्या परक्या जहाजाची वर्णनं त्यांत आहेत, आणि सोबत शाईने काढलेली चित्रंही.